फोटो आपोआप क्लाउडवर जाऊ द्यावेत की केबलने उतरवून घ्यावेत?

फोन, टॅबलेट आणि कॉम्प्युटर एकाच खात्यावर चालवणाऱ्याला फोटोंसाठी दोन सरळ वाटा आहेत. एक तर सिंक, म्हणजे फोटो आपोआप क्लाउडवर चढून सगळ्या यंत्रांवर दिसण्याची सोय, चालू ठेवायचं आणि त्याचा विचार सोडून द्यायचा. नाहीतर तिन्हीकडे ते बंद करायचं आणि अधूनमधून केबल लावून फोटो आपल्या डिस्कवर उतरवून घ्यायचे. मी बरीच वर्षं पहिल्या वाटेने गेलो, आता दुसऱ्या वाटेवर आहे. तरी पहिलीला नावं ठेवायला बसलेलो नाही. काही जणांना मी आजही तीच सुचवतो.

सिंकच्या बाजूचा एक मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी आहे. फोन हरवला, पाण्यात पडला, कायमचा बंद पडला, तरी तो शेवटचा वाय-फायला होता तोवरचे फोटो शाबूत राहतात. केबलवाल्याचं सगळं त्याने शेवटची केबल कधी लावली होती यावर. दुसरा मुद्दा शोधाचा. 'समुद्र' लिहिलं किंवा एखादा चेहरा निवडला की हजारो फोटोंतून नेमके तेच पुढ्यात येतात, ही सवय लागली की सुटत नाही. कॉम्प्युटरवर डिजिकॅमसारख्या फुकट प्रोग्रामला चेहरे ओळखायला लावता येतं, पण त्याला बसून शिकवावं लागतं, आणि माझ्याकडे तर शिकवल्यावरही तो काका-पुतण्यात गल्लत करतो.

जागेचा मुद्दा लोक फार ताणतात असं मला वाटतं. ॲपलच्या आयक्लाउडवर आणि मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर फुकट मिळते ५ जीबी, गूगलवर १५ जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्हमध्ये वाटलेली. गूगल फोटोजवर थोड्या कमी दर्जाच्या प्रती अमर्याद ठेवायची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. तेव्हापासून भरपूर फोटो काढणाऱ्यासाठी ही वाट दरमहा पैसे भरायची आहे. भरायची तयारी असेल तर विषय संपला. नसेल तर एवढं ध्यानात असू द्या की गूगलची जागा फोटोंनी भरली की नवी मेल येणंही थांबतं, आणि मेल फोटोंमुळे अडली आहे हे पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

माझा कौल मात्र यांतल्या कशानेच फिरला नाही. तो फिरला डिलीटच्या बटणापाशी.

आयक्लाउड फोटोज सगळ्या यंत्रांवर एकच संग्रह दाखवतं, त्यामुळे एका ठिकाणी काढून टाकलेला फोटो सगळीकडून जातो आणि तीस दिवस 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये पडून राहतो. गूगल फोटोजच्या ॲपमधून बॅकअप झालेला फोटो काढला तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. कचरापेटीत त्याला ६० दिवस मिळतात. फक्त फोनमधली प्रत काढायची असेल तर त्याच ॲपमध्ये वेगळा पर्याय शोधावा लागतो, किंवा 'फ्री अप स्पेस' वापरून सगळ्याच चढलेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती एका दमात उडवाव्या लागतात. वनड्राइव्ह फोनच्या कॅमेऱ्यातले फोटो नुसते वर चढवून ठेवतं, तिथे फोनमधला फोटो पुसला तरी वरचा जागेवर राहतो. शिवाय अनेक अँड्रॉइड फोनांवर कंपनीची स्वतःची गॅलरी असते, ती आणखी वेगळी. अंगठ्याची हालचाल तीच, पण कुठल्या ॲपमध्ये केली त्यावर फोटो एका जागेवरून जाणार की सगळीकडून, हे ठरतं.

प्रत्येक नियम आपापल्या जागी बरोबर आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. माझं अडायचं ते वापरताना. रांगेत उभं असताना चार नको असलेले फोटो उडवावेत म्हणून फोन काढायचा, सूचना यायची की हा सगळ्या उपकरणांवरून जाईल, आणि अंगठा तिथेच थांबायचा. कॉम्प्युटरवर दिसतो तो हाच फोटो की वेगळी प्रत? डिस्कवर कधी घेतला होता का? नक्की आठवत नाही, मग राहू दे. असं करत करत पार्किंगमधल्या खांबांचे आकडे, औषधांच्या पाकिटांच्या मागच्या बाजू, खिशातून निघताना टिपली गेलेली फरशी, सगळं मुक्कामाला राहिलं. पूर्वी सहलीहून आल्यावर बसून चांगले फोटो निवडायचे आणि बाकीचे काढून टाकायचे, हा एक छान उद्योग असे. तो बंदच पडला. जागा वाढवून घेतली तेव्हा तर निवडायचं कारणही उरलं नाही.

केबलच्या वाटेवर हा प्रश्न पडत नाही. फोनमधला फोटो फोनमधला, डिस्कवरचा डिस्कवरचा. उतरवून घेतले, दुसऱ्या डिस्कवर प्रत केली, की फोनमधले बिनघोर पुसायचे. तुम्हाला डिलीट करताना कधीच अडखळायला होत नसेल, तर माझा अर्धा लेख तुमच्यासाठी नाही, हे कबूल.

टॅबलेटचं जरा वेगळं आहे. घरातला टॅबलेट सहसा कुणा एकाचा नसतो. फोनवर टिपलेला तपासणीचा अहवाल किंवा बँकेच्या पानाचा स्क्रीनशॉट काही वेळातच तिथेही हजर होतो, आणि तो टॅबलेट तेव्हा कुणाच्या हातात असेल ते सांगता येत नाही. बाकीकडे सिंक ठेवणाऱ्यांनीही इथे तरी ते बंद करावं. या एका बाबतीत मला दुसरी बाजू फारशी दिसत नाही.

बंद करायचं बटण कुठे असतं ते तुम्हाला सापडेलच. ते दाबल्यावर काय होतं, हे आधी जाणून घेणं जास्त महत्त्वाचं. ॲपलच्या यंत्रांवर 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर फोनमध्ये बरेचदा फक्त छोट्या प्रती असतात, मूळ फोटो वर असतात. बंद करताना फोन विचारतो की मूळ फोटो खाली उतरवू की फोनमधले काढून टाकू. फोनमध्ये तेवढी जागा नसतेच, म्हणून आधी मॅकवर फोटोजच्या सेटिंग्जमध्ये 'डाउनलोड ओरिजिनल्स टू धिस मॅक' निवडावं, सगळं उतरू द्यावं आणि मगच फोनकडे वळावं. संग्रह मोठा असेल तर हे एका रात्रीत होईल अशी आशा धरू नये. अजून एक खोच आहे. आयक्लाउड फोटोज बंद केलं आणि फोनचा आयक्लाउड बॅकअप मात्र चालू राहिला, तर फोनमधले फोटो आता त्या बॅकअपमध्ये जायला लागतात. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर काढलेले मागच्या दाराने पुन्हा आत. बॅकअपच्या यादीत फोटो लायब्ररीचं बटण वेगळं असतं, तेही बंद करावं लागतं.

गूगल फोटोजमध्ये बॅकअप बंद केल्याने आधी चढलेले फोटो जागचे हलत नाहीत, हे बरंच आहे. पण बॅकअप बंद असला तरी त्या ॲपमधून जुना, चढलेला फोटो पुसला की तो क्लाउडवरूनही जातो. 'आता तर बंद केलंय' या भरवशावर साफसफाईला बसणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. विंडोजवर वनड्राइव्हचा पिक्चर्स फोल्डरचा बॅकअप थांबवला की नेहमीचा पिक्चर्स फोल्डर अनेकदा रिकामा दिसतो आणि आत फक्त एक शॉर्टकट असतो. घाबरू नका, फोटो वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात. तिथून हाताने परत हलवायचे. त्याआधी ते खरोखर डिस्कवर उतरलेले आहेत की नुसतं नाव दिसतंय, हे शेजारच्या ढगाच्या चिन्हावरून पाहून घ्यावं. स्क्रीनशॉट आणि जोडलेल्या कॅमेऱ्यातले फोटो वर पाठवायची बटणं तिथे वेगळी आहेत, ती विसरली जातात.

आता केबलची रड. अँड्रॉइड फोन जोडला की तो आधी फक्त चार्ज होत राहतो, फाइल ट्रान्सफर निवडावं लागतं. मग डीसीआयएम (DCIM) नावाच्या फोल्डरमधला कॅमेरा फोल्डर उचलायचा. स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपचे फोटो दुसरीकडे असतात, ते हवे असतील तर शोधायचे. आयफोनवरून विंडोजवर घेताना फोटोजच्या सेटिंग्जमध्ये 'कीप ओरिजिनल्स' ठेवलेलं बरं. 'ऑटोमॅटिक' असेल तर फोन कॉपी होता होता एचईआयसी (आयफोनचा स्वतःचा फोटो-प्रकार) फोटो नेहमीच्या जेपेगमध्ये बदलत बसतो, आणि कॉपी मध्येच अडण्याची ही एक नेहमीची जागा. लाइव्ह फोटो एका चित्राचे आणि एका छोट्या व्हिडिओचे असे दोन तुकडे होऊन उतरतात. हे सगळं कंटाळवाणं आहे, त्यात सुंदर काही नाही. मला मात्र वर्षाच्या आणि महिन्याच्या फोल्डरांत फोटो लावताना ते पुन्हा एकदा पाहायला मिळतात, आणि निवड त्याच बैठकीत होऊन जाते.

मधली वाटही आहे: फक्त फोनवरून एकतर्फी वर चढवत राहायचं, टॅबलेट आणि कॉम्प्युटरवर सगळं बंद. फोन हरवण्याची भीती ज्यांना झोपू देत नाही त्यांना ही बरी पडेल. फक्त त्यासाठी अशी सेवा निवडा जिथे फोनमधलं पुसल्याने वरचं पुसलं जात नाही, नाहीतर तो अंगठा पुन्हा अडखळायचा.

केबल महिनोन् महिने हातात घेणार नाही हे ज्याला स्वतःबद्दल ठाऊक आहे, ज्याच्याकडे फोनशिवाय दुसरं यंत्रच नाही, किंवा ज्याच्या घरात तान्हं मूल आहे आणि रोज फोटो निघतात पण बसायला फुरसत नाही, त्याने सिंक चालूच ठेवावं. यात कमीपणा काही नाही. बाकीच्यांना मी, फार आग्रह न करता, बंद करून पाहा असं म्हणेन.

बंद करायचं ठरलंच तर क्लाउडवरचा जुना संग्रह लगेच रिकामा करू नका. आयक्लाउडवरून तो पुसायला सांगितला तर मत बदलायला ३० दिवस मिळतात, पण तिथवर जायची गरजच पडू नये. आधी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा, मग त्यातला जुन्यात जुना फोल्डर उघडा आणि दोन-तीन मोठे व्हिडिओ मधूनच चालवून बघा. कॉपी अर्धवट झाली असेल तर छोटी चित्रं नीट दिसतात आणि व्हिडिओ अडतो. व्हिडिओ शेवटपर्यंत चालले की मग वरचे पुसायला हरकत नाही.