नव्या स्टेटरचे पैसे घेतले, पण झाकण उघडलेच नव्हते

माझ्याकडे १९९७ सालची, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० आहे. ती वडिलांनी नवी घेतली होती आणि त्यांच्या पश्चात मी सांभाळतो आहे. गेल्या पावसाळ्यात तिचे चार्जिंग बंद पडले आणि ते दुरुस्त करून घेताना कोल्हापुरातील एका गॅरेजमध्ये माझी ९,६५० रुपयांची फसवणूक झाली. गॅरेजचे नाव लिहीत नाही, कारण ते सिद्ध करणारा कागद माझ्याजवळ नाही. मात्र ज्या पद्धतीने हे घडले, ती पद्धत जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी असे मला मनापासून वाटते.

लक्षणे साधी होती. हेडलाइटवरच्या अ‍ॅमीटरचा (बॅटरीत वीज जाते की तिच्यातून बाहेर येते, ते दाखवणाऱ्या मीटरचा) काटा अधिकच्या बाजूला जाईना, हॉर्न बसका वाजू लागला आणि चार दिवसांनी गाडी मिस मारू लागली. या गाडीत इंजिनाची ठिणगी पाडणाऱ्या पॉइंट आणि कॉइलला वीज बॅटरीतूनच मिळते, त्यामुळे बॅटरी उतरली की इंजिनही थांबते. गॅरेजच्या मालकाने मीटर न लावता, केवळ वायरी हलवून पाहिल्या आणि स्टेटर (वीज तयार करणारा, तारांच्या गुंडाळ्यांचा भाग) जळाला आहे, आरआर युनिट (त्या एसी विजेची डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग) गेले आहे, बॅटरीही संपली आहे, असे सांगितले. सगळे काम निघालेच आहे तर गाडी ‘फुल डीसी’ (हेडलाइटसकट सगळे बॅटरीच्या विजेवर) करून घ्या, म्हणजे ९०/१०० वॉटचा बल्ब लावता येईल आणि घाटात दिवसासारखा उजेड पडेल, असेही तो म्हणाला. मंद हेडलाइटची माझी तक्रार जुनीच असल्याने मी लगेच होकार दिला.

येथे थोडे यंत्राविषयी सांगणे भाग आहे, कारण फसवणूक नेमकी त्याच जागी दडलेली होती. माझ्या गाडीत स्टेटरवर दोन वेगळ्या गुंडाळ्या आहेत. एकीची वीज आरआर युनिटमधून डीसी होऊन बॅटरीला जाते, तर दुसरीची एसी वीज थेट हेडलाइटला मिळते, आणि म्हणूनच गाडी आयडलिंगला आली की उजेड मंदावतो. खरोखर फुल डीसी करायचे, तर हेडलाइटच्या गुंडाळीचे स्टेटरच्या लोखंडाला डाग दिलेले टोक सोडवून तिची वीजही बॅटरीकडे वळवावी लागते. स्टेटर डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये (इंजिन आणि क्लच यांमधल्या चेनच्या पेटीत), तेलात असतो. तो बदलायचा असो वा त्याचे टोक सोडवायचे असो, डावा फूटरेस्ट आणि ब्रेकचा पायडल काढून, तेल सांडून, मधला एकच मोठा नट खोलून ते झाकण उतरवावेच लागते. दुसरा मार्ग नाही.

तीन दिवसांनी गाडी परत मिळाली. बिल होते स्टेटर २,९००, आरआर युनिट १,४००, बॅटरी १,८५०, वायरिंग आणि हेडलाइट २,२०० व मजुरी १,३०० रुपये. हे सगळे एका कोऱ्या कागदावर पेनने लिहिलेले होते. त्यावर दुकानाचे नाव नव्हते, शिक्का नव्हता. पैसे रोख मागितले आणि मी ते दिले. जुना स्टेटर दाखवा म्हटल्यावर त्याने फळीवरून काळाठिक्कर पडलेला एक स्टेटर काढून माझ्यापुढे धरला. गुंडाळ्या जळलेल्या दिसत होत्या, त्यामुळे माझी शंका मिटली. तो मला घरी न्यायचा आहे असे म्हणण्याचे मात्र सुचले नाही. बॅटरीचे वॉरंटी कार्ड नंतर देतो म्हणाला, ते आजतागायत मिळालेले नाही. काटा अधिकच्या बाजूला गेला होता, उजेड खरोखर लख्ख होता, आणि मी समाधानाने घरी आलो.

पाचव्या आठवड्यात गगनबावड्याहून परतताना, रात्री साडेआठच्या सुमारास आणि पावसात, हेडलाइट आधी पिवळा पडला, मग गाडी दोन-तीन झटके देऊन बंद झाली. पत्नी मागे बसलेली होती. अरुंद रस्ता, उसाच्या गाड्यांनी उखडलेल्या कडा आणि आमच्याकडे मागून येणाऱ्याला दिसेल असा एकही दिवा नाही, अशा अवस्थेत पाऊण तास काढल्यावर एका टेम्पोवाल्या दादांनी गाडी चढवून घेतली. पैशांपेक्षा त्या पाऊण तासाचा मला अधिक राग आहे.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातील एका वयस्कर इलेक्ट्रिशियनकाकांकडे गाडी नेली. त्यांनी चार्ज केलेली दुसरी बॅटरी जोडून पहिल्यांदा मल्टिमीटर लावला. नीट चाललेल्या बारा व्होल्टच्या यंत्रणेत थोडी रेस दिल्यावर बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. माझ्या गाडीत हेडलाइट बंद असताना १६.२ दिसले आणि हेडलाइट लावल्यावर, रेस देऊनही, १२.१ च्या वर काटा गेला नाही. म्हणजे बसवलेले आरआर युनिट दिवसा बॅटरी उकळवत होते आणि रात्री बल्ब तिला रिकामी करत होता. शंभर वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर आठ अँपिअरहून अधिक करंट ओढतो. मूळचा ३५ वॉटचा बल्ब सुमारे तीन. बॅटरीच्या पेटीचा रंग आम्लाने उडाला होता, आणि फ्यूजच्या जागी पिळलेली तार होती.

मग काकांनी चेनकेसच्या झाकणाकडे बोट दाखवले. वडील हयात असताना त्यांनी मधल्या नटावर आणि झाकणावर मिळून लाल रंगाची एक रेघ ओढली होती, नट सैल झाला तर कळावे म्हणून. ती रेघ जशीच्या तशी, अखंड होती. झाकण उघडले तेव्हा आत मूळचाच स्टेटर, जुन्या तेलाने माखलेला. काकांनी त्याच्या वायरींवर एसी व्होल्टेज मोजले होते, ते रेसबरोबर व्यवस्थित वाढत होते. स्टेटर कधी जळलाच नव्हता. मूळ दोष स्टेटर आणि वायरिंग यांमधल्या, गंज चढून अर्धवट वितळलेल्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) होता. गॅरेजवाल्याने तो कापून वायरी पिळून टेप गुंडाळली होती, म्हणूनच सुरुवातीला काटा हलला. ‘फुल डीसी’ म्हणजे त्याने हेडलाइटची वायर नुसती बॅटरीला जोडली होती आणि मोकळ्या झालेल्या गुंडाळीची वायर टेप लावून पेटीत कोंबली होती. स्टेटरची निम्मी वीज वाया, आणि उरलेल्या निम्म्यावर तिप्पट भार.

काकांनी टोक खरेच सोडवले, दोन्ही गुंडाळ्यांची वीज घेणारे चांगले युनिट, नवा कपलर, फ्यूज आणि ३५ वॉटचाच बल्ब लावला. सगळे माझ्यासमोर केले, आणि शेवटी मीटरवरचे १४.२ व्होल्ट मला स्वतः वाचायला लावले. आपल्या गाडीचा हा आकडा आधी आणि नंतर पाहिल्याशिवाय कोणीही चार्जिंगचे पैसे देऊ नयेत. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, मी फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण बिनानावाचा कागद आणि रोखीचा व्यवहार, यांवरून हे काम त्याच गॅरेजने केले हे दाखवायचे कसे, या प्रश्नापाशी मी अडलो आहे. निदान यूपीआयने पैसे दिले असते तर खात्यावर नोंद राहिली असती.

जाब विचारायला गेलो तेव्हा मालकाने काम आठवत नाही असे सांगितले. शेजारी एक तरुण त्याची जुनी गाडी घेऊन उभा होता, आणि त्याच्यापुढे तोच काळाठिक्कर स्टेटर धरलेला होता. मी त्या मुलाला बाहेर बोलावले, आणि आपल्या गाडीचे झाकण उघडले आहे का ते आधी बघ, एवढेच सांगितले.