फॅन कॉमिक्स: अमेरिकेचा हक्क की जपानची मूकसंमती?

दुसऱ्याच्या पात्रावर कॉमिक काढायचं, तर अमेरिकेत आधार ‘फेअर यूज’चा, म्हणजे परवानगीशिवाय मर्यादित वापर करू देणाऱ्या कॉपीराइटमधल्या सवलतीचा. विडंबनाला तिथे जागा आहे, पण किती, ते कोर्टाची पायरी चढल्यावरच कळतं. १९७१ मध्ये व्यंगचित्रकार डॅन ओनील आणि साथीदारांनी ‘एअर पायरेट्स’ कॉमिकमध्ये मिकी माउसला ड्रग्ज आणि सेक्सच्या दुनियेत उतरवलं. डिस्नेने खटला भरला. १९७८ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, विडंबनाला लागतं त्याहून जास्त उचललंय. मिकी हुबेहूब तोच आहे. शिवाय टीका मूळ कृतीवर हवी. बालसाहित्यिक डॉ. स्यूस आणि अंतराळ मालिका ‘स्टार ट्रेक’ यांची सरमिसळ करणारं पुस्तक २०२० मध्ये याच कारणाने कॉपीराइटमध्ये अडकलं. ट्रेडमार्कचा दावा मात्र टिकला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं: दोन्ही कायद्यांच्या कसोट्या वेगळ्या.

जपानी कायद्यात विडंबनाला वेगळी सूट नाही. तरी १९७५ पासून टोकियोच्या कॉमिकेट या मेळ्यात चाहत्यांची ‘दोजिन्शी’, म्हणजे स्वतः काढून छापलेली कॉमिक्स, उघड विकली जातात. प्रकाशक सहसा कानाडोळा करतात, कारण उद्याचे मांगाकार (जपानी कॉमिक्सकार) इथेच घडतात. मांगाकारांचा नामांकित ‘क्लॅम्प’ गट याच वाटेने आला. पण ही मर्जी आहे. ‘डोराएमॉन’चा शेवट कल्पून काढलेलं दोजिन्शी हजारोंनी खपलं, लोकांना ते खरंच वाटू लागलं, आणि चित्रकाराला माफी मागून भरपाई द्यावी लागली.

हात बसवणाऱ्या, प्रेमापोटी काढणाऱ्या पोरांसाठी मला जपानची रीत शंभर पटीने बरी वाटते. बड्या कंपनीलाच चिमटा काढायचा असेल, तर मात्र तिच्या मर्जीवर विसंबता येत नाही. तिथे अमेरिकेसारखा हक्कच हवा, कितीही महाग पडला तरी.