गल्लीतला रस्ता: राज्याच्या निधीतून की आपल्याच करातून?

वस्ती नवी असते तेव्हा दारासमोरचं डांबर काळंभोर आणि गुळगुळीत असतं. पंधरा-वीस वर्षं उलटली की त्यावर मगरीच्या पाठीसारख्या भेगा दिसू लागतात, कडेला पाणी साचतं, पाइपसाठी खणलेले चर खचतात. मग सिटी कौन्सिलच्या बैठकीत दोन सूर निघतात. एक म्हणतो, ‘आपण इतका गॅस टॅक्स (पेट्रोलवरचा कर) भरतो, तो राज्याकडून आणा आणि रस्ता करा.’ दुसरा म्हणतो, ‘राज्याच्या भरवशावर बसलात तर रस्ता हातचा जाईल, आपणच कर लावून घेऊ.’ अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्यापैकी अनेकांना कधी ना कधी मतपत्रिकेवर यातलं एक निवडावं लागतं.

माझं मत आधीच सांगतो. बरा असलेला रस्ता बरा ठेवायला राज्याचा पैसा उत्तम आहे. पार उखडलेला रस्ता मुळापासून बांधायला तो पुरत नाही, आणि तिथे त्याची वाट बघणं महागात पडतं. हे कसं, ते पुढे राज्याराज्यांतल्या रीतींवरून दिसेल.

आधी रस्ता कोणाचा ते विचारा

अनेक नव्या वसाहतींतले रस्ते खासगी असतात, एचओएच्या म्हणजे घरमालकांच्या संघटनेच्या मालकीचे. तसं असेल तर राज्याचा नेहमीचा रस्तानिधी तिथे येत नाही. महिन्याच्या वर्गणीतून साठवलेली गंगाजळी आणि कमी पडल्यास घरटी जादा वर्गणी, एवढाच मार्ग. घर घेतानाच्या कागदपत्रांत हे लिहिलेलं असतं, पण ती पानं फारसं कोणी वाचत नाही.

मिशिगनमध्ये आणखी एक गुंता आहे. तिथल्या टाउनशिपमध्ये राहणाऱ्यांच्या वसाहतीतले सार्वजनिक रस्ते सहसा टाउनशिपचे नसून काउंटीच्या ताब्यात असतात. टाउनशिपच्या कार्यालयात कितीही खेटे घातले तरी राज्याचा वाटा तिथे जमाच होत नाही.

आणि वॉशिंग्टनचा पैसा? केंद्राचा महामार्ग निधी मुख्यतः वर्दळीच्या, म्हणजे ‘आर्टेरियल’ आणि ‘कलेक्टर’ या वर्गांतल्या रस्त्यांसाठी आहे. ‘लोकल’ वर्गातली घरांची गल्ली त्यात जवळजवळ कधीच बसत नाही. म्हणूनच सगळ्यांची नजर राज्याकडे वळते.

राज्य पैसा देतं, पण प्रत्येकाची रीत वेगळी

कॅलिफोर्नियाची रीत सूत्राची आहे. २०१७ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी एसबी १ या कायद्यावर सही केली. गॅसवरचा कर गॅलनमागे १२ सेंटनी वाढला, गाडीच्या किमतीनुसार वर्षाला २५ ते १७५ डॉलरचं शुल्क आलं, आणि महागाईबरोबर हे दर वाढत जातील अशी तरतूद झाली. जुलै २०२५ मध्ये राज्याचा गॅस टॅक्स गॅलनमागे ६१.२ सेंट झाला. या कायद्यातून स्थानिक रस्त्यांसाठी वर्षाला दीड अब्ज डॉलर मिळतील असा तेव्हाचा अंदाज होता. शहराला अर्ज करावा लागत नाही, स्पर्धा नसते. लोकसंख्येनुसार वाटा थेट जमा होतो, आणि कोणती गल्ली घ्यायची ते शहर ठरवतं.

या सोयीबरोबर दोन अटी आल्या, आणि मला त्या योग्य वाटतात. पहिली: २००९-१० ते २०११-१२ या तीन वर्षांत शहर स्वतःच्या सर्वसाधारण निधीतून रस्त्यांवर सरासरी जेवढं खर्च करत होतं, तेवढं करत राहिलं पाहिजे. राज्याचा पैसा आला म्हणून आपला हात आखडता घ्यायचा नाही. दुसरी: दरवर्षी कामांची यादी कौन्सिलने ठराव करून राज्याच्या परिवहन आयोगाला पाठवायची. २०१८ च्या जूनमध्ये मतदारांनी हा पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही असं घटनेत घालून घेतलं, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये हा करच रद्द करण्याचा प्रस्ताव फेटाळला.

मॅसॅच्युसेट्सचा ‘चॅप्टर ९०’ हा रस्तानिधीही सूत्रावरच चालतो, पण त्याच्या मूळ सूत्रात ५८.३३ टक्के वजन रस्त्यांच्या मैलांना आहे. उरलेलं लोकसंख्या आणि रोजगार यांच्यात अर्धं-अर्धं. ऐकायला हा किरकोळ हिशेब वाटतो. पण विरळ वस्तीच्या, लांबच लांब रस्त्यांच्या गावाला लोकसंख्येचं सूत्र उपाशी ठेवतं आणि मैलांचं सूत्र जगवतं. आपलं राज्य कशावर वाटप करतं, हे विचारल्याशिवाय ‘राज्याकडून आणा’ म्हणण्यात अर्थ नाही. मिशिगनमध्ये १९५१ च्या अ‍ॅक्ट ५१ नुसार मुख्य वाटप ३९.१ टक्के राज्याला, ३९.१ टक्के काउंट्यांना आणि २१.८ टक्के शहरं व गावांना असं होतं. शहरांच्या वाट्यातही मोठे रस्ते आणि गल्ल्या यांची खाती वेगळी असतात.

न्यू जर्सीत मात्र स्पर्धा आहे. २०१६ मध्ये गॅस टॅक्स एकदम २३ सेंटनी वाढला आणि स्थानिक मदत दुप्पट होऊन वर्षाला ४० कोटी डॉलरवर गेली. त्यातली ‘म्युनिसिपल एड’ मिळवायला गावाने ठरावीक रस्त्यासाठी अर्ज करायचा असतो. मंजूर झाल्यावर ठेका दिला की ७५ टक्के रक्कम मिळते, उरलेली काम संपल्यावर. रस्त्याची अवस्था, वर्दळ, सुरक्षितता असं सगळं तोललं जातं. शाळेकडे जाणारा रस्ता इथे जिंकू शकतो. बारा घरांची, पुढे बंद होणारी गल्ली क्वचितच. ज्या गावाकडे चांगला इंजिनिअर आणि तयार आराखडे आहेत, तेच गाव वारंवार पैसे आणतं, ही स्पर्धेची दुखरी बाजू.

मिनेसोटात तर दार निम्मं बंदच आहे. राज्याची मुख्य रस्तामदत फक्त ५,००० हून जास्त वस्तीच्या शहरांना मिळते, आणि तीही शहराच्या साधारण २० टक्के मैलांपुरत्या निवडलेल्या रस्त्यांसाठी. घरांची गल्ली सहसा उरलेल्या ८० टक्क्यांत येते.

टेक्सासमध्ये गॅस टॅक्स १९९१ पासून गॅलनमागे २० सेंटवरच आहे, त्यातला चौथा हिस्सा शाळांना जातो. २०१४ आणि २०१५ मध्ये मतदारांनी रस्त्यांसाठी जादा पैसा मंजूर केला, पण तो राज्याच्या महामार्ग निधीत गेला. इलेक्ट्रिक गाडीवर वर्षाला २०० डॉलर घेतले जातात, तेही तिथेच. तुमच्या गल्लीची जबाबदारी शहराची, आणि पैसाही बहुतेक शहराचाच.

हा पैसा पुरतो किती?

सगळ्यांत कळीचा प्रश्न हाच. कॅलिफोर्नियातल्या शहरांना अलीकडच्या वर्षांत गॅस टॅक्सचा जुना वाटा आणि एसबी १ मिळून माणशी ५० डॉलरच्या आसपास मिळतात. ३०,००० वस्तीचं शहर धरा: वर्षाला साधारण १५ लाख डॉलर. दगडमातीच्या थरापासून एक मैल रस्ता नव्याने बांधायला दहा लाखांच्या पुढे सहज जातात. म्हणजे सगळा पैसा उखडलेल्या गल्ल्यांवर लावला तर वर्षाला जेमतेम एक-दीड मैल होईल, आणि शहरात असतात शंभर मैल.

तोच पैसा स्लरी सीलवर लावला, म्हणजे भेगा भरून वर पातळ थर दिला, तर कित्येक पट मैल होतात. तो थर पाच-सात वर्षं पाणी आत जाऊ देत नाही. आणि रस्ता मारतं ते पाणीच. भेगेतून आत शिरलं की खालची खडी-माती सैल होते, आणि मग वरून कितीही डांबर ओतलं तरी टिकत नाही. रस्त्याची अवस्था मोजायला ० ते १०० चा निर्देशांक वापरतात, त्याला पीसीआय म्हणतात. रस्ता बराच काळ हळूहळू उतरतो आणि मग थोड्या वर्षांत झपाट्याने कोसळतो. त्या उताराआधी लावलेला डॉलर नंतरचे अनेक डॉलर वाचवतो.

म्हणूनच जाणते इंजिनिअर राज्याचा वाटा बऱ्या रस्त्यांवर आधी लावतात. ‘आमची गल्ली खराब असून शेजारच्या चांगल्या गल्लीला थर कसा?’ ही तक्रार बैठकीत हमखास होते. खराब गल्लीत राहणाऱ्याला ती रास्तच वाटणार. पण शहराने तिला बळी पडून ‘आधी सर्वांत वाईट’ असं धोरण घेतलं, तर पाच वर्षांनी आजच्या चांगल्या गल्ल्याही वाईटात जमा होतात.

स्थानिक कर आणि बॉन्ड

स्थानिक कर आणि बॉन्ड, म्हणजे शहराने रोखे विकून घेतलेलं कर्ज, यांची मोठी ताकद म्हणजे रक्कम एकदम हाती येते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ओरिंडा या छोट्या, बहुतांशी घरांच्याच शहराने २०१२ मध्ये अर्ध्या सेंटचा सेल्स टॅक्स, २०१४ मध्ये दोन कोटी डॉलरचे आणि २०१६ मध्ये अडीच कोटींचे बॉन्ड मतदारांकडून मंजूर करून घेतले. माणशी ५० डॉलरच्या वाट्यातून एवढं काम व्हायला एक पिढी गेली असती.

अडचण मतांची. कॅलिफोर्नियात शहराचे असे बॉन्ड मंजूर व्हायला दोन-तृतीयांश मतं लागतात. कौन्सिलने मांडलेला सेल्स टॅक्स ‘फक्त रस्त्यांसाठी’ असं कायद्याने बांधून घ्यायचा तर तेवढीच. सर्वसाधारण कर म्हणून मांडला तर साधं बहुमत पुरतं, पण मग तो कायद्याने रस्त्यांना बांधलेला नसतो. कौन्सिलचा शब्द आणि नागरिकांची देखरेख समिती एवढाच आधार. अशा प्रस्तावाला हो म्हणण्याआधी समितीचे अहवाल कुठे वाचायला मिळतील, हे जरूर विचारा.

टेक्सासमध्ये शहराला रस्तेदुरुस्तीसाठी वेगळा सेल्स टॅक्स लावता येतो, मतदारांच्या संमतीने. तो ठरावीक वर्षांनी पुन्हा मताला टाकावा लागतो, आणि फक्त आधीपासून असलेल्या रस्त्यांवरच खर्च होतो. मात्र स्थानिक सेल्स टॅक्सची एकूण मर्यादा दोन टक्के आहे. डॅलसजवळची जी शहरं एक टक्का स्वतःसाठी आणि एक टक्का डार्ट या परिवहन संस्थेसाठी घेतात, त्यांच्याकडे या करासाठी जागाच उरत नाही. तिथे बॉन्ड हाच रस्ता.

बॉन्डबद्दल एकच कळकळीची सूचना. वीस वर्षांच्या कर्जातून सात वर्षं टिकणारा थर घालू देऊ नका. कर्ज मुळापासूनच्या बांधणीसाठी घ्यावं, देखभाल चालू उत्पन्नातून व्हावी. प्रस्तावाच्या मजकुरात ‘दुरुस्ती व देखभाल’ असं सरसकट लिहिलेलं दिसलं तर हात वर करून विचारा.

घरावरची आकारणी

तिसरा मार्ग: ज्या गल्लीचं काम, त्याच घरांवर असेसमेंट. मिनेसोटात हे फार रूढ आहे. गल्लीला लागून असलेल्या जागांच्या लांबीपैकी किमान ३५ टक्के लांबीच्या मालकांनी अर्ज केला तर कौन्सिल साध्या बहुमताने काम मंजूर करू शकते. नाहीतर चार-पंचमांश मतं लागतात. घराची किंमत जितकी वाढेल त्याहून जास्त आकारणी करता येत नाही, आणि हरकत असेल तर ठरावानंतर ३० दिवसांत न्यायालयात जाता येतं. पैसे वार्षिक हप्त्यांनी फेडता येतात, ६५ वर्षांवरच्यांना ओढाताण होत असेल तर शहर वसुली पुढे ढकलू शकतं.

वेगाच्या दृष्टीने याला तोड नाही. पण घरटी हजारो डॉलरचा आकडा पत्रातून येतो, तेव्हा निवृत्त शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी पाहिलं आहे. हप्ते, सवलत आणि शहराचा निम्मा तरी वाटा, हे तिन्ही असल्याशिवाय मी या मार्गाला हो म्हणणार नाही. कॅलिफोर्नियात १९९६ च्या प्रपोझिशन २१८ नंतर आकारणीच्या रकमेनुसार वजन दिलेलं मालकांचं मतदान आणि ‘त्या घराला खास फायदा’ सिद्ध करणं सक्तीचं झालं, त्यामुळे तिथे हा मार्ग अवघड आहे.

कोणी भरणं न्याय्य?

‘जो गाडी चालवतो त्याने भरावं’ हे हमरस्त्यावर पटतं. गल्लीत तेवढं नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी इलिनॉयमध्ये झालेल्या मोठ्या रस्ताचाचणीतून दिसलं की रस्त्याचं नुकसान धुऱ्यावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, तर नुकसान सोळापट. म्हणजे गल्ली झिजते ती तुमच्या गाडीने फार थोडी. आठवड्याला येणारी कचऱ्याची अवजड गाडी, पाणी आणि खोदलेले चर यांनी जास्त. म्हणून कचऱ्याच्या ठेक्यातून रस्त्यासाठी शुल्क घ्यावं आणि चर खोदणाऱ्या कंपनीकडून पुरती भरपाई घ्यावी, ही मागणी मी गॅस टॅक्सइतकीच महत्त्वाची मानतो.

शिवाय इलेक्ट्रिक गाड्या वाढतील तसा गॅलनवरचा कर आटत जाईल. न्यू जर्सीने २०२४ मध्ये त्यांच्यावर वर्षाला २५० डॉलरचं शुल्क लावलं, ते दरवर्षी दहा डॉलरनी वाढून २९० पर्यंत जाणार आहे.

तर तुम्ही काय निवडाल?

शहराच्या पब्लिक वर्क्स खात्याकडे आपल्या गल्लीचा पीसीआय मागा. आकडा ७० च्या वर असेल तर राज्याच्या वाट्यातून वेळेवर थर मिळावा यासाठी भांडा आणि नव्या कराला घाई करू नका. ५० ते ७० मध्ये असाल तर तुमची गल्ली कड्यावर आहे. राज्याचा पैसा आणि थोडा स्थानिक कर, दोन्ही लागतील. त्याखाली असेल आणि शहरात अशा गल्ल्या पुष्कळ असतील, तर बॉन्डला माझं मत आहे, मात्र देखभालीचा चालू खर्च वेगळा ठेवल्याची लेखी हमी घेऊनच. गल्ली खासगी असेल, तर एचओएच्या गंगाजळीचा ताजा अहवाल आजच मागवा.

कॅलिफोर्नियात असाल तर कामांच्या यादीचा ठराव कौन्सिलला १ जुलैच्या आत करावा लागतो. तो विषय वसंत ऋतूतल्या बैठकांत, बहुतेकदा चर्चेविना मंजूर होणाऱ्या विषयांमध्ये टाकलेला असतो. अजेंड्यावर तो शोधा, चर्चेला काढायला सांगा, आणि यादीत आपल्या गल्लीचं नाव आणि कामाचं वर्ष आहे का ते तिथेच विचारा.