वेल्समधल्या दगडी गोठ्यांच्या दरजांसाठी एनएचएल ३.५ चुना

ग्वेनेथमधल्या स्लेटच्या आणि गोट्यांच्या भिंतींना हा एनएचएल (नॅचरल हायड्रॉलिक लाइम, म्हणजे पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना) बिनधास्त वापरावा. ब्रेकनकडच्या मऊ तांबड्या वालुकाश्माला मात्र एनएचएल २ किंवा भिजवलेल्या चुन्याचा लगदाच बरा. २५ किलोच्या पोत्यावरचा ३.५ हा आकडा २८ दिवसांनंतरची दाब सोसण्याची किमान ताकद मेगापास्कलमध्ये (दाबाचं एकक) सांगतो. मानकानुसार ती १० पर्यंत चालते, पुढेही वाढत राहते. त्यामुळे एकाच आकड्याची दोन कंपन्यांची पोती सारखी निघतील असं नाही. तांत्रिक पत्रक वाचूनच घ्यावं.

सिमेंटपेक्षा हा उजवा ठरतो तो भिंतीच्या घडणीमुळे. दोन बाजूंना दगडांची रचाई आणि मध्ये कपच्या-मातीची भर, अशा भिंतीत पश्चिमेचा पाऊस शिरणारच. तो दरजांतून सुकून बाहेर पडायला हवा. सिमेंटने ती वाट बुजते, ओल दगडातून निघू लागते, थंडीत गोठते, मग पापुद्रे सुटतात आणि भिंतीत टेकलेल्या तुळयांची टोकं कुजतात.

मिश्रण मापाने एकास अडीच: चुना एक, धारदार, लहानमोठ्या कणांची वाळू अडीच. गिलाव्याची मऊ वाळू नको, तिने भेगा पडतात. पाणी बेताचं घाला. सैल मालाला आकसून चिरा जातात. जुना माल दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल, निदान २५ मिमी, छिन्नीने काढा. ग्राइंडरने दगडाच्या कडा कापल्या जातात, त्या परत येत नाहीत. धूळ झाडून भिंत आदल्या दिवशीच भिजवा, कारण कोरडा दगड मालातलं पाणी ओढून घेतो आणि दरज बोटाने खरवडली तरी भुसभुशीत गळते. खोल पोकळीत आधी दगडी कपच्या ठोकून बसवा, मग थरांनी भरा. अंगठा दाबून खूण उमटेनाशी झाली की राठ ब्रशने ठोका: वरची साय जाते, वाळूचे कण दिसू लागतात, दरज दगडाच्या किंचित आत बसते. उठावाच्या फितीसारख्या दरजा नकोतच, त्यांच्या कडेवर पाणी साचतं.

या मालाची खरी कसोटी नंतरच्या आठवड्यात लागते. ओलं गोणपाट टांगून, दिवसातून दोनतीनदा पाण्याचा बारीक फवारा मारत राहावं लागतं. ५ अंशांखाली काम नको आणि ताज्या दरजांना दव-हिमाचा स्पर्शही नको. हिवाळ्यात केलेलं काम वसंतात सालींनी सुटतं. घाईच्या कंत्राटदाराला हे जमत नाही, हा या चुन्याचा मोठा तोटा.

पाचपैकी चार गुण.

इमारत संरक्षित यादीत असेल तर आधी स्थानिक नियोजन विभागाला विचारा. हवेसाठी ठेवलेल्या उभ्या फटी बुजवू नका. भेगांत वटवाघळं राहतात, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. पाहणी न करता दरज भरली तर ती आतच गाडली जातात. वसतिस्थान सापडलं तर नॅचरल रिसोर्सेस वेल्सचा परवाना लागू शकतो.