तालुक्याचे वाचनालय आणि घरातला न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग

दापोली तालुक्यात समुद्राजवळ राहणाऱ्या वाचकाला न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग घरात वाढू देणे परवडत नाही, आणि त्याचे कारण पैशापेक्षा हवेत अधिक आहे. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात पावसाळाभर आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते आणि ६५-७० टक्क्यांपलीकडे कागदाला बुरशी धरू लागते. बांधणीतल्या खळीवर आणि कागदावर जगणारी कसर ही कीड तर कोणी हात न लावलेल्या पुस्तकांतच निवांत वाढते. कपाटात डांबराच्या गोळ्या किंवा वेखंडाचे तुकडे ठेवून काही प्रमाणात संरक्षण होते. पण पुस्तक वारंवार उघडले जाणे, त्याला हवा लागणे, यासारखा दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही. म्हणून विकत घेण्याची यादी आवरती घेऊन मी आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची वर्गणी पुन्हा सुरू केली. या सेवेबद्दलचे माझे मत इथे मांडत आहे.

वाचनालय शासनमान्य आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि त्यानुसार अनुदान मिळते. आमचे वाचनालय ‘ब’ वर्गात आहे. एका वेळी दोन पुस्तके आणि एक मासिक घरी नेता येते, मुदत पंधरा दिवसांची असते आणि दुसऱ्या कोणाची मागणी नसेल तर ती वाढवून मिळते. मासिक वर्गणी एका साध्या कादंबरीच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी आहे आणि अनामत रक्कम सदस्यत्व सोडताना परत मिळते. पद्धत मुक्तद्वार असल्यामुळे कपाटांपाशी स्वतः जाऊन पुस्तक हाताळून निवडता येते, आणि या सेवेतला सर्वांत मोठा आनंद मला हाच वाटतो.

सध्या माझ्या हातात या वाचनालयातून आणलेली दोन पुस्तके आहेत. पहिले श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीचा पहिला खंड. पेंडसे आमच्याच तालुक्यातल्या मुर्डीचे, आणि १९८७ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेली ही कादंबरी जगबुडी नदीच्या काठावरच्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांची आहे. ज्या नद्या, खाड्या आणि आडवाटा मी रोज पाहतो त्यांच्यावरच ती उभी असल्यामुळे वाचताना गती आपोआप मंदावते, आणि अशा पुस्तकाला पंधरा दिवस पुरत नाहीत, हे ग्रंथपालांना न सांगताच कळते. दुसरे पुस्तक विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळण्याच्या आशेने उत्तरेकडे निघाला, बंडाच्या धामधुमीत सापडला आणि झाशीचा पाडाव त्याने प्रत्यक्ष पाहिला. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली हा वृत्तांत प्रसिद्ध केला. कर्जाच्या ओझ्याने घर सोडलेल्या कोकणी माणसाच्या नजरेतून तो काळ दिसतो, म्हणून मला हे पुस्तक इतिहासाच्या अनेक जाड ग्रंथांपेक्षा मोलाचे वाटते.

पुढच्या वाचनाची यादी मात्र लांबतच चालली आहे, आणि तिचा बराचसा भाग आता माझ्या घराऐवजी वाचनालयाच्या मागणी वहीत आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचायची आहेत, जयवंत दळवींचे ‘सारे प्रवासी घडीचे’ राहिले आहे, आणि दिवाळी अंक योजनेचे पैसे भरल्यामुळे दिवाळीनंतर अंकांची भर पडणार ती वेगळीच. ‘तुंबाडचे खोत’चा दुसरा खंड दुसऱ्या सदस्याकडे असून मुदत उलटली तरी तो परत आलेला नाही. “भाऊ, तुमचं नाव वहीत लिहून ठेवलंय, खंड आला की फोन करते,” असे ग्रंथपाल ताईंनी सांगितले, आणि असा निरोप त्या खरोखर देतात हा माझा यापूर्वीचा अनुभव आहे. तरीही मुदत उलटलेल्या पुस्तकांसाठी नुसती विनंती पुरेशी नाही. दोन खंडांचे पुस्तक देताना दोन्ही खंडांची नोंद एकत्र ठेवावी आणि उशिराचा दंड नियमाप्रमाणे घ्यावा, असे मी कार्यकारिणीला लेखी सुचवले आहे.

दुसरी उणीव पुस्तक शोधण्याची. यादी अजून हाताने लिहिलेल्या वह्यांत आहे आणि ती दाखल क्रमांकाने, म्हणजे पुस्तके आली त्या क्रमाने, लावलेली असल्यामुळे लेखकाच्या नावावरून पुस्तक सापडत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे, आणि लेखकवार एक साधी यादी केली तरी ते इथे पाळले जाईल. जुन्या पुस्तकांच्या फेरबांधणीकडेही लक्ष द्यायला हवे, कारण शिवण इतकी आत घेतली जाते की आतल्या समासाजवळची अक्षरे पान ताणल्याशिवाय वाचता येत नाहीत आणि पान ताणले की शिवण उसवते. बालविभागाची कपाटे नीटनेटकी आहेत, पण त्यांत नवी भर फारशी दिसत नाही.

या उणिवा धरूनही मी ही वर्गणी निःशंकपणे भरावी असे सांगेन, विशेषतः ज्यांच्या घरी विकत आणलेली पुस्तके पावसाळ्यामागून पावसाळे तशीच पडून आहेत त्यांना. परतीची तारीख समोर असल्यामुळे पुस्तक खरेच वाचून होते, आणि आपले वाचून झाल्यावर ते दुसऱ्याच्या हाती जाऊन पुन्हा उघडले जाते. घरातली पुस्तके वाचनालयाला भेट द्यायची असतील तर ती एप्रिल-मेमध्ये, उन्हे देऊन आणि पाने झटकून न्यावीत. पाऊस सुरू झाल्यावर आलेली पुस्तके ग्रंथपाल ताई थेट कपाटात न लावता वेगळ्या टेबलावर ठेवतात आणि तपासूनच दाखल करतात. एका पुस्तकातली कसर शेजारच्या पुस्तकांत पसरते, त्यामुळे त्यांची ही दक्षता मला पूर्णपणे योग्य वाटते.