बाळाचे डोळे चिकटतात: पुसत राहायचं, मसाज करायचा, थेंब घालायचे की लगेच डॉक्टरांकडे न्यायचं?

सकाळी बाळ जागं होतं, कुरकुरतं, पण एक डोळा उघडतच नाही. पापण्यांच्या केसांवर पिवळट चिपडं वाळून त्यांची खपली झालेली असते. घरात लगेच तीन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, पुसून घ्या, आपोआप जाईल. दुसऱ्याला मागच्या वेळची उरलेली थेंबांची बाटली आठवते. तिसरा चपला घालून दाराशी उभा. गंमत अशी, की तिघंही बरोबर असू शकतात. फक्त प्रत्येकाचं म्हणणं वेगळ्या बाळाला लागू असतं.

आमच्या थोरल्याच्या वेळी आम्ही दुसऱ्या पक्षात होतो. चार महिन्यांत तीन वेळा थेंब घातले. दर वेळी आठवडाभर डोळा स्वच्छ, मग पुन्हा तेच. धाकटीचा डोळा तर थोरल्यापेक्षा जास्त चिकटायचा, पण तिला थेंब एकदाही लागले नाहीत. मधल्या काळात एवढं कळलं होतं, की चिपडांचा रंग बघून काही ठरवायचं नसतं. बाळ किती दिवसांचं आहे आणि डोळ्याचा पांढरा भाग पांढराच आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारायचे.

आधी वय, तेही दिवसांत

बाळ २८ दिवसांच्या आतलं असेल आणि डोळा लाल किंवा पापणी सुजलेली असेल, तर पुढची सगळी तुलना बाजूला ठेवा. त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असली तरी. या वयातला संसर्ग बहुधा जन्माच्या वेळी आईच्या जननमार्गातून आलेला असतो आणि तो किती दिवसांनी दिसला यावरून बराच अंदाज बांधता येतो. गोनोरिया, म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणारा एक आजार, त्याचा जंतू साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी डोकं वर काढतो. पू इतका येतो, की पुसून हात धुवेपर्यंत डोळा परत भरतो. हा जंतू शाबूत बुबुळालाही भोक पाडू शकतो, आणि त्याला फार वेळ लागत नाही. तसाच पसरणारा दुसरा जंतू, क्लॅमिडिया, थोडा उशिरा, पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास दिसतो. तो डोळ्यापुरता थांबेलच असं नाही, काही बाळांना त्यातून पुढे न्यूमोनिया होतो. नागिणीच्या कुळातला हर्पिस विषाणू क्वचित असतो, पण पापणीवर बारीक पाण्याचे फोड दिसले तर तोच मनात आणायचा.

एकेकाळी नवजात बाळांच्या अंधत्वाचं हे फार मोठं कारण होतं. लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाचा थेंब घालायला सुरुवात केली आणि १८८१ साली त्याचे निष्कर्ष छापले. त्यांच्या प्रसूतिगृहात दहातल्या एका बाळाला होणारा हा आजार शंभरात एकाच्याही खाली आला.

या आजारांत नुसत्या थेंबांवर भागत नाही, हे लक्षात घ्या. गोनोरियाला इंजेक्शन लागतं. क्लॅमिडियाला तोंडावाटे औषध लागतं, बऱ्याचदा दोन आठवड्यांचं एरिथ्रोमायसिन. हे औषध चालू असताना एवढ्या लहान बाळाला पिचकारीसारख्या उलट्या होऊ लागल्या तर लगेच कळवायचं, कारण त्याचा संबंध जठराचं तोंड अरुंद होण्याशी आढळलेला आहे. आणि उपचार आई-वडील दोघांनाही घ्यावे लागतात. अवघड वाटणारा विषय आहे, पण संकोचापायी तो टाळू नये.

डोळा लाल नाही, सूज नाही, नुसता चिकटतोय? मग बहुतेक वेळा घाबरण्यासारखं नसतं. तरीही पहिल्या महिन्यात एकदा दाखवून घ्यावंच, असं माझं मत.

नळी बंद आहे, की डोळे आलेत?

महिना उलटल्यावर खरा प्रश्न हा. अश्रू डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून अश्रुपिशवीत आणि तिथून नळीने नाकात उतरतात. रडलं की नाक वाहतं ते म्हणूनच. पुष्कळ बाळांत या नळीच्या नाकाकडच्या टोकाला एक पातळ पडदा जन्मानंतरही तसाच राहतो. पाणी तुंबतं, तुंबलेल्या पाण्यात जंतू वाढतात, चिपडं येतात. पाचांतल्या एका बाळापर्यंत हे दिसतं आणि त्यांतल्या सुमारे ९० टक्क्यांची नळी पहिल्या वाढदिवसापर्यंत आपणहून उघडते.

| काय बघायचं | नळी बंद असेल तर | डोळे आले असतील तर |
|---|---|---|
| कधीपासून | पहिल्या काही आठवड्यांपासून, येऊन-जाऊन | एक-दोन दिवसांत अचानक |
| पांढरा भाग | पांढराच | गुलाबी किंवा लाल |
| पाणी | न रडताही डोळा भरलेला | जंतूंमुळे असेल तर पू जास्त, विषाणूमुळे असेल तर पाणी जास्त |
| कोपरा हलकेच दाबला तर | पातळ पांढरट पू वर येऊ शकतो | काही येत नाही |
| घरात इतरांना | कुणालाच नाही | बहुधा कुणाला तरी झालेलं असतं, किंवा सर्दी |

यातली दुसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची. पण एक गफलत हमखास होते. सतत पुसून पापणीची कड आणि आजूबाजूची कातडी लालसर होते आणि आपल्याला वाटतं, डोळाच लाल झाला. खालची पापणी अलगद खाली ओढून, उजेडात, पांढरा भाग बघा.

नुसतं पुसत राहणं

वरवर पाहता हा काहीच न करण्याचा पर्याय. पण नीट केलं तर बंद नळीच्या बाळाला बरेच महिने एवढंच पुरतं. हात धुवायचे. उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवायचा, पिळायचा, नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला एकदाच फिरवायचा आणि टाकून द्यायचा. पुन्हा पुसायचं तर नवा बोळा, दुसऱ्या डोळ्याला तर नक्कीच नवा. खपली वाळलेली असेल तर ओला बोळा मिनिटभर तसाच ठेवला की ती मऊ पडते, ओढावी लागत नाही.

आईच्या दुधाचा थेंब डोळ्यात घालावा का, हे इथे कुणी ना कुणी विचारतंच. दुधात संसर्गाशी लढणारे घटक असतात, हे खरं. पण दूध निर्जंतुक नसतं, त्यात साखर असते, आणि संसर्ग खरा असेल तर त्याच्या भरवशावर दोन दिवस जातात. पुसायला पाणी असताना मला त्याची गरज वाटत नाही.

मसाज

अमेरिकी नेत्रतज्ज्ञ क्रिग्लर यांनी १९२३ साली ही पद्धत मांडली, ती आजही जवळपास तशीच शिकवतात. उद्देश डोळा चोळणं हा नाही. अश्रुपिशवीत साठलेल्या पाण्याचा दाब खालच्या पडद्यावर आणायचा, म्हणजे तो फाटेल. म्हणून बोट डोळ्यावर ठेवायचंच नाही. आतला कोपरा आणि नाकाचं हाड यांच्या मधल्या खोबणीत ते टेकवायचं, थोडं दाबायचं आणि दाब न सोडता नाकाच्या कडेने खाली सरकवायचं. एका वेळी पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. नख कापलेलं हवं. बाळाला पाजताना हे सोपं जातं.

चूक होते ती हलक्या हाताची. आम्ही सुरुवातीला नुसतं कुरवाळत होतो. डॉक्टरांनी माझं बोट धरून दाब दाखवला, तेव्हा फरक कळला. व्हिडिओ बघून शिकण्यापेक्षा एकदा असं करून घ्या.

नुसतं पुसणं आणि पुसून मसाज करणं यांत किती फरक पडतो? नळ्या इतक्या मोठ्या प्रमाणात आपणहून उघडतात, की मसाजाचं श्रेय नेमकं मोजणं कठीण जातं. पण पिशवी रिकामी झाल्यामुळे चिपडं कमी होतात, हे करणाऱ्याला दिसतं. नुकसान काही नाही. माझा कौल मसाजाकडे. कोपऱ्यात लाल, गरम, दुखरी गाठ असेल तर मात्र हात लावायचा नाही.

थेंब किंवा मलम

अँटिबायोटिक जंतू मारतं, पडदा फोडत नाही. आमच्या थोरल्याच्या तीन बाटल्यांचं गणित एवढंच होतं. बंद नळीत थेंबांचा उपयोग पिवळा पू फारच वाढला तर काही दिवसांपुरता. डोळे आले असतील तर चित्र वेगळं. जंतूंमुळे आलेले डोळे पुष्कळदा आठवड्याभरात तसेही बरे होतात, पण औषधाने ते लवकर ओसरतात. विषाणूमुळे आले असतील तर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. वाट बघायची, एक-दोन आठवडेही लागतात. लाल डोळ्यासोबत ताप आणि कानाला हात लावला की रडणं असेल तर डॉक्टरांना कान बघायला सांगा. हिमोफिलस नावाचा जंतू डोळा आणि कान दोन्ही एकदम धरतो, आणि मग औषध तोंडावाटे द्यावं लागतं.

थेंब की मलम, तर चळवळ्या बाळाला मलम परवडतं. ते रडण्याने वाहून जात नाही आणि कमी वेळा लावावं लागतं. त्याने थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून झोपेच्या आधी लावावं. थेंबच दिले असतील तर बाळाला उताणं निजवा, मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब सोडा आणि थांबा. डोळा उघडला की थेंब आपोआप आत जातो. झटापट करून पापण्या फाकवायची गरज नाही.

उरलेली बाटली वापरू नका, हे ठासून सांगतो. एक तर उघडलेले थेंब बहुधा महिनाभरच चालतात. दुसरं, मोठ्यांच्या कित्येक बाटल्यांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड असतं. त्याने लाली झपाट्याने उतरते, सगळे खूश होतात, आणि आत हर्पिस असेल तर तो बुबुळावर मोकळा सुटतो. जास्त दिवस घातलं तर डोळ्यातला दाबही वाढतो.

नळी उघडलीच नाही तर: आत्ता सळई, की वर्षानंतर?

नेत्रतज्ज्ञ एक बारीक बोथट सळई नळीतून खाली घालून पडदा उघडतात. याला प्रोबिंग म्हणतात. मतभेद आहे तो वेळेबद्दल. सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान काही डॉक्टर बाळाला घट्ट गुंडाळून, डोळ्यात बधिर करणारे थेंब घालून हे दवाखान्यातच करतात. भूल टळते, काही मिनिटांत काम होतं, पण बाळाला धरून ठेवावं लागतं आणि ते बघणं सोपं नसतं. वर्षानंतर केलं तर पूर्ण भूल द्यावी लागते. उलट बाजू अशी, की सहा ते दहा महिन्यांच्या, नळी बंद असलेल्या बाळांना आणखी सहा महिने नुसता मसाज केला, तेव्हा एका अमेरिकी अभ्यासात ६६ टक्के बाळांचं काम प्रोबिंगशिवायच भागलं.

मी थांबलो असतो, आणि थांबलोच. धाकटीचा डोळा अकराव्या महिन्यात कोरडा झाला. पण वारंवार पू होत असेल, पिशवीला संसर्ग होऊन गेला असेल, तर लवकर करण्यात शहाणपण आहे. प्रोबिंग पहिल्या खेपेला बहुतेकांना पुरतं, काहींना पुन्हा करावं लागतं.

यांपैकी काहीच नसेल तर

डोळ्यातून पाणी येतं, बाळ उजेड सहन करत नाही, डोळे घट्ट मिटून घेतं, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसतं, तर तो काचबिंदू असू शकतो. एक छोटी खूण: बंद नळीच्या बाजूची नाकपुडी कोरडी असते. काचबिंदूत नळी चालू असते, त्यामुळे नाकही ओलं असतं. इथे दिवस मोजत बसायचं नाही.

जन्मतःच आतल्या कोपऱ्याखाली निळसर फुगवटी असेल तर तीही लगेच दाखवायची. ती नाकात उतरलेली असेल तर श्वासाला अडथळा येतो, आणि एवढी बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. पापणी सुजून डोळा उघडत नाही, डोळा पुढे आल्यासारखा वाटतो, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस वा जास्त ताप आहे, तर थेट रुग्णालयात.

डॉक्टरांकडे निघताना आपण बाळाचं तोंड धुऊन, डोळे पुसून नेतो, आणि तिथे डोळा अगदी टवटवीत दिसतो. म्हणून सकाळी उठल्याबरोबर, पुसायच्या आधी, खिडकीपाशी फोनवर एक फोटो काढून ठेवा.