वाशीतला फ्रेझल व्हर्बचा वर्ग: अर्थ पक्के, रचना कच्ची

वाशी स्टेशनजवळच्या या वर्गात फ्रेझल व्हर्बची, म्हणजे ‘ऑफ’, ‘आफ्टर’सारखा छोटा शब्द जोडून बनणाऱ्या इंग्रजी क्रियापदांची, नुसती यादी पाठ करून घेत नाहीत, ऑफिसातल्या प्रसंगांतून शिकवतात. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. मीटिंगच्या निरोपात गल्लत झाली तर नव्या तारखेला कुणी फिरकत नाही. हा भाग फार छान घोटून घेतात.

कमी पडतं ते सर्वनामाच्या जागेत. ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ चूक. ‘लुक आफ्टर’ (काळजी घेणे) मात्र मधून फुटत नाही, तिथे ‘लुक आफ्टर इट’च. सर्वाधिक चुका इथेच होतात आणि नोट्समध्ये नेमका हाच फरक नाही! ‘अंडर द वेदर’ या वाक्प्रचाराचा अर्थ (बरं नसणे) अचूक सांगतात, पण तो किरकोळ दुखण्यापुरताच, हेही सांगायला हवं. फी भरण्याआधी नोट्स चाळून बघा.